भ-३ : भिंतीवरच्या बुरशीपासून अर्कापर्यंत (प्रकल्प नोंदी)

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, शेवटचं वर्ष, कोल्हापूर. मूळ नोंदवही प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमकडे जमा आहे, ही तिची मोकळी प्रत. पुढच्या वर्षी हाच विषय घेणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून टाकतेय. आकडे तेच ठेवलेत, वैताग तेवढा कमी केलाय.

५ ऑगस्ट

विषय मंजूर झाला. 'परिसरातील बुरशींमधून अँटिबायोटिक तयार करणाऱ्या जाती शोधणे व त्यातील द्रव्य वेगळे करणे.' मॅडमनी 'वेगळे करणे' या शब्दांखाली दोनदा रेघ मारली. म्हणाल्या, "झोनचे फोटो दरवर्षी येतात गं. मला बाटलीत काहीतरी दाखवा." (झोन म्हणजे बुरशीभोवती बॅक्टेरिया न वाढलेलं रिकामं वर्तुळ.)

पार्टनरचं मत पडलं की जयंती नाल्याच्या तोंडाशी जाऊन नमुना घ्यावा. त्याला आधार आहे. इटलीत सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी गावी ज्युझेप्पे ब्रोत्झू यांना १९४५ मध्ये समुद्रात सांडपाणी सोडणाऱ्या नळाजवळच सेफॅलोस्पोरियम ही बुरशी मिळाली होती आणि आज दवाखान्यात मिळणारी सगळी 'सेफ-' ने सुरू होणारी औषधं त्या घराण्यातली आहेत. मॅडमनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. सांडपाण्यात बुरशीबरोबर आणखी काय काय येतं ते आमच्या लॅबला झेपणारं नाही.

८ ऑगस्ट

नमुने गोळा केले. पाऊस होताच, पण बुरशी शोधायला याहून बरा महिना कोल्हापुरात नाही.

रंकाळ्याच्या काठची माती, वरचा थर बाजूला करून चार-पाच इंच खालची. लक्ष्मीपुरीच्या भाजी मंडईतून खराब झालेली लिंबं. ती विकणाऱ्या मावशींनी पैसे घेतले नाहीत, फक्त शंकेने बघितलं. पार्टनरच्या घरच्या चप्पल स्टँडवरून एक कोल्हापुरी जोड, जून महिन्यापासून पांढरा-हिरवा झालेला. पन्हाळा रोडवरच्या एका गुऱ्हाळावरून गेल्या हंगामातली भिजलेली चिपाडं. गुऱ्हाळ दसऱ्यानंतरच पेटतं, आत्ता चुलवाण थंड होतं. मालक म्हणाले, "पोरी, गूळ न्यायला लई येत्यात, बुरशी न्यायला तूच पैली. ने की, पोतं भरून ने."

शेवटचा नमुना शाहूपुरी कुंभार गल्लीतला. पार्टनरच्या आत्याचं घर, पुराचं पाणी येणाऱ्या पट्ट्यातलं. कपाट पुढे ओढलं तर मागच्या भिंतीवर राखी-हिरव्या बुक्कीची जाड साय होती. निर्जंतुक स्वॅब फिरवला. आत्या म्हणाल्या, "खरवडताय तर सगळीच खरवडा, रंगाच्या आधीचं काम तरी होईल."

आत्यांनी चहा देताना विचारलं की मग शिळ्या भाकरीवरची बुरशी खाल्ली तर औषधच पोटात जाईल ना. नाही. बुरशी नुसती औषधच करते असं नाही. फळांवर येणारी पेनिसिलियम एक्स्पान्सम पॅट्युलिन नावाचं विष करते, शेंगदाण्यावरची ॲस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन करते आणि ते यकृताच्या कॅन्सरशी जोडलेलं आहे. हिरवं दिसलं म्हणजे पेनिसिलिन असं समजणाऱ्यांनी निदान हा परिच्छेद तरी वाचावा.

९ ऑगस्ट

नमुन्यांना अक्षरं दिली: म माती, ल लिंबू, क कोल्हापुरी, च चिपाड, भ भिंत. पुढे येणारा आकडा त्या नमुन्यातल्या बुरशीचा. प्रत्येकाचं हजारपट आणि दहा हजारपट पातळ केलेलं द्रावण (१०⁻³, १०⁻⁴) रोझ बेंगॉल हा रंग घातलेल्या आगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर, पसरलं. रोझ बेंगॉलमुळे ऱ्हायझोपससारख्या धावणाऱ्या बुरशी आवरतात, नाहीतर दोन दिवसांत प्लेटभर कापूस. शिवाय बॅक्टेरिया वाढू नयेत म्हणून माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉल असतं.

इथे एक सावधगिरी. क्लोरॅम्फेनिकॉल हे स्वतःच अँटिबायोटिक आहे. १९४७ मध्ये व्हेनेझुएलाच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमधून निघालेलं. या प्लेटवरून वाढ उचलून, खालचा आगर तसाच ठेवून झोन तपासलात तर बुरशीचं काहीही कर्तृत्व नसताना सुंदर झोन मिळेल. म्हणून आधी साध्या चापेक-डॉक्स आगरवर शुद्ध कल्चर, तेही दोनदा बदलून, आणि मगच परीक्षा.

दुसरी सावधगिरी हवेची. आमचा लॅमिनार (निर्जंतुक हवेच्या झोताचं टेबल) आडव्या झोताचा आहे, म्हणजे वारा माणसाच्या तोंडावर येतो. निरुपद्रवी बॅक्टेरियासाठी ठीक, पण बीजाणूंनी भरलेली प्लेट त्यात उघडली की सगळं नाकात. बुरशीचं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करायचं ठरलं, ते शेजारच्या लॅबकडे आहे. वेळ मागून घ्यावी लागते.

१४ ऑगस्ट

प्लेटा बोलायला लागल्या. 'च' वर काळी बुक्की, भिंगाखाली बघायची गरज नाही इतकी ओळखीची ॲस्परजिलस नायजर. 'ल' वर ऑलिव्ह हिरवी, लिंबावरची नेहमीची पेनिसिलियम डिजिटॅटम असावी. 'म' मध्ये ट्रायकोडर्माने निम्मी प्लेट खाल्ली. 'क' वर दोन-तीन किरकोळ.

बाजूला क्लोरॅम्फेनिकॉल न घातलेली मातीची एक प्लेट ठेवली होती. तिच्यावर खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या, आगरात रुतून बसलेल्या वसाहती आल्यात आणि झाकण उघडताच पहिल्या पावसाचा वास आला. हे स्ट्रेप्टोमायसिस. दिसायला बुरशीसारखे, तंतूही तसेच, पण जातीने बॅक्टेरिया. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन ही यांच्या कुळाची देणगी, बुरशीची नव्हे. वर्गात अर्ध्या जणांना हा फरक माहीत नसतो. आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेलं हॅमायसिन, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जातीतून आलेलं. जातीच्या नावातच पिंपरी आहे. गंमत अशी की हॅमायसिन बॅक्टेरियाला नाही, बुरशीला मारतं.

आमच्या विषयात ही मंडळी बसत नाहीत. स्लँटवर (तिरका आगर भरलेल्या नळीत) घालून फ्रिजमध्ये ठेवली.

२७ ऑगस्ट

शुद्ध कल्चर तयार. पहिली चाळणी: बुरशीच्या वसाहतीतून कॉर्क बोररने आगराच्या चकत्या कापल्या आणि बॅक्टेरियाचं लॉन केलेल्या, म्हणजे सगळीकडे सारखे पसरलेल्या, प्लेटवर ठेवल्या. चाचणीसाठी बॅसिलस सब्टिलिस, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय, तिन्ही पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम संग्रहातून आलेल्या.

२८ ऑगस्ट

झोन, मिलिमीटरमध्ये. क्रम सब्टिलिस, ऑरियस, कोलाय असा.

च-२ : २३, २२, २१
भ-३ : २४, १९, काही नाही
म-५ (ट्रायकोडर्मा) : ११, १०, काही नाही
ल-१, क-१, क-२ : कुठेच काही नाही

पार्टनरने च-२ चा फोटो लगेच स्टेटसला टाकला. तिन्ही प्लेटांवर गोल, स्वच्छ, कडा धारदार. मॅडमनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "पीएच किती?"

३ सप्टेंबर

तारीख बघून लिहायला बसले. १९२८ साली आजच्याच दिवशी अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात परतले आणि स्टॅफिलोकॉकसच्या प्लेटवर बुरशी पडलेली, तिच्याभोवतीचे बॅक्टेरिया विरघळलेले त्यांना दिसले. पुढचा भाग शाळेच्या पुस्तकात येत नाही. त्यांनी १९२९ मध्ये शोधनिबंध लिहिला, त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीतलं द्रव्य, म्हणजे पेनिसिलिन, आटवून घट्ट करायचा प्रयत्न केला, पण ते टिकेना. १९३२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रेस्ट्रिक आणि सहकाऱ्यांनी ते इथरमध्ये उतरवलं, पण इथर उडवताना औषधाचा गुणही गेला. मग जवळजवळ सगळ्यांनी हात झटकले.

म्हणजे झोन दिसल्यापासून माणसाच्या अंगात औषध जाईपर्यंत बारा वर्षं गेली, आणि ती बुरशी शोधण्यात नाही तर रस्सा (ज्यात बुरशी वाढवतात ते द्रव माध्यम) गाळण्यात गेली. फ्लेमिंग यांचा मान कमी करायचा नाही. पण त्या प्लेटच्या गोष्टीला जितका भाव मिळतो तितका पुढच्या बादल्या, बाटल्या आणि नळ्यांना मिळत नाही, हे मला खटकतं.

९ सप्टेंबर

भ-३ सूक्ष्मदर्शकाखाली. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यूचा थेंब, वर सेलोटेपने उचललेली वाढ. उभा दांडा, त्याला वर फाटे, फाट्यांवर बोटांसारख्या पेशी आणि प्रत्येक बोटातून निघालेली गोल बीजाणूंची माळ. पेनिसिलियम आहे, यात शंका नाही.

वसाहत बघत बसावी अशी. मधोमध निळसर हिरवी मखमल, कडेला पांढरी किनार, उलटी धरली तर पिवळी. आणि मखमलीवर मधाच्या रंगाचे बारीक थेंब, प्लेट तिरकी केली तरी न ओघळणारे. पेनिसिलियम क्रायसोजिनमची ही खूण सांगतात. ओल धरलेल्या घरांत ही जात सर्रास असते. फ्लेमिंग यांची बुरशीही हिचीच जवळची बहीण. तिला आधी रुब्रम म्हटलं, मग नोटेटम, आणि २०११ मध्ये जनुकं तपासून रुबेन्स ठरवलं. नावावर पैजा न लावता आम्ही वहीत 'पेनिसिलियम, क्रायसोजिनम गटातली असावी' इतकंच लिहिलं.

१७ सप्टेंबर

गणपतीनंतर लॅब पुन्हा सुरू. च-२, भ-३, म-५ तिन्ही द्रव माध्यमात, २५ अंश, शेकरवर (फ्लास्क सतत हलवणारं यंत्र).

२४ सप्टेंबर

रस्सा गाळला. म-५ मध्ये काही राहिलं नव्हतं. भ-३ चा पीएच ६.९. च-२ चा २.४.

दोन्ही रसांचे दोन-दोन भाग केले, एक जसाच्या तसा, दुसरा सोड्याने पीएच ७ वर आणलेला. सोबत बुरशी न घातलेलं कोरं माध्यम. आगरात भोकं पाडून सगळे भरले.

२५ सप्टेंबर

च-२ : जसाच्या तसा २० मिमी, उदासीन केलेला शून्य.
भ-३ : दोन्ही सारखेच, सब्टिलिसवर १६.
कोरं माध्यम : शून्य.

म्हणजे चिपाडावरच्या काळ्या बुरशीचा झोन निव्वळ आंबटपणाचा होता. नायजर सायट्रिक ॲसिड करते, त्यात कोलायपासून सगळे गुदमरतात. ज्याचा झोन तिन्ही बॅक्टेरियांवर सारखाच येतो त्याच्यावर आधी संशय घ्यावा, हे आता कळलं. प्लेटवर अँटिबायोटिक कुठलं आणि आम्ल कुठलं हे दिसत नाही. स्टेटस काढून टाकलं गेलं.

मात्र या काळ्या बुरशीचं एक देणं राहतंच. सायट्रिक ॲसिडसारखी आम्लं आंबवून काढायचा अनुभव फायझर कंपनीकडे आधीपासून होता. खोल टाकीत हवा कशी सोडायची, ढवळताना काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्याच जोरावर १९४४ मध्ये ब्रुकलिनला पेनिसिलिनच्या मोठाल्या टाक्या चालू झाल्या. तोवर ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनची बुरशी बेडपॅनसारख्या उथळ भांड्यांत वाढवत होते.

३ ऑक्टोबर

आता सगळं लक्ष भ-३ वर. तीन फ्लास्क: पहिल्यात साखर म्हणून ग्लुकोज, दुसऱ्यात लॅक्टोज, तिसऱ्यात लॅक्टोज आणि कॉर्न स्टीप. कॉर्न स्टीप म्हणजे स्टार्च काढण्यापूर्वी मका ज्यात भिजवतात ते आटवलेलं पाणी. एका स्टार्च कारखान्यातून कॅनमध्ये मिळालं. काळपट, घट्ट, आंबूस. बसमध्ये कॅन मांडीवर घेऊन आले तर शेजारच्या आजोबांनी विचारलं, काकवी का?

युद्धाच्या काळात अमेरिकेत पिओरिया गावातल्या सरकारी प्रयोगशाळेत हेच पाणी वापरलं आणि पेनिसिलिनचं उत्पादन कैक पटींनी चढलं. त्यात आणखी एक योगायोग होता. पेनिसिलिनच्या रेणूचा गाभा ठरलेला असतो, पण त्याला लटकणारी बाजूची साखळी माध्यमात काय मिळेल त्यावर बदलते. कॉर्न स्टीपमधल्या घटकांमुळे अमेरिकेत प्रामुख्याने पेनिसिलिन जी तयार झालं आणि इंग्लंडमध्ये एफ. पुढे फिनाइल ॲसिटिक आम्ल मुद्दाम घालून जी काढायची पद्धत पडली. आम्ही ते घातलेलं नाही.

१० ऑक्टोबर

मधे एका रात्री लाईट गेली आणि शेकर पहाटेपर्यंत थांबला. बुरशीला हवा लागते, फ्लास्क नुसते उभे राहिले की आतल्या गोळ्यांना ऑक्सिजन पुरत नाही. तिन्ही फ्लास्क एकाच शेकरवर होते, त्यामुळे तुलना चालेल असं मॅडम म्हणाल्या. वहीत लाल पेनने नोंद.

निकाल: ग्लुकोजमध्ये वाढ सगळ्यात दाट, वाळवून वजनही जास्त, झोन मात्र १२. लॅक्टोजमध्ये वाढ विरळ, झोन १६. लॅक्टोज आणि कॉर्न स्टीपमध्ये १८.

पोट भरलेली बुरशी अँटिबायोटिकच्या फंदात पडत नाही. पेनिसिलिन हे तिच्या वाढीसाठी लागणारं द्रव्य नाही, वाढ मंदावल्यावर होणारी गोष्ट. ग्लुकोज झटपट मिळतं तोवर पेनिसिलिन बनवणारी जनुकं दबून राहतात. लॅक्टोज ती सावकाश खाते म्हणून जुन्या कृतींत लॅक्टोज. आताचे कारखाने ग्लुकोजच वापरतात, पण थेंब-थेंब सोडतात, बुरशी कायम अर्धपोटी राहील असं.

बनवते कशापासून? तीन अमिनो आम्लं: अमिनोॲडिपिक आम्ल, सिस्टीन, व्हॅलिन. तिघं जोडून एक तुकडा, मग एक एन्झाइम त्याला वळवून दोन कडी बनवतं. त्यातली चार अणूंची छोटी चौकोनी कडी म्हणजे बीटा-लॅक्टम. ती ताणलेली असते, म्हणून कामाची आणि म्हणूनच नाजूक. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी १९४५ मध्ये ही रचना पक्की केली, तोवर भल्याभल्या रसायनशास्त्रज्ञांना ती पटत नव्हती.

११ ऑक्टोबर

ज्युनिअर्सना समजावायची वेळ आली तेव्हा असं सांगितलं. बॅक्टेरियाच्या भोवतीची भिंत साखळ्यांची असते आणि साखळ्या आडव्या टाक्यांनी बांधलेल्या असतात. उसाच्या ट्रॉलीवर मोळ्या रचल्या तरी आडवे दोर आवळले नाहीत तर पहिल्या वळणाला माल रस्त्यावर. पेनिसिलिन दोर कापत नाही, तो आवळणाऱ्या गड्याचे हात धरून ठेवतं. म्हणजे टाके घालणाऱ्या एन्झाइमला चिकटून बसतं. बॅक्टेरिया वाढत राहतो, नवी भिंत कच्ची राहते, आतल्या दाबाने फुटतो. झोपलेल्या, न वाढणाऱ्या बॅक्टेरियावर म्हणूनच त्याचा फारसा परिणाम नाही. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नाही, म्हणून आपल्याला ते सोसतं (ॲलर्जी असणारे सोडून). कोलायच्या भिंतीबाहेर आणखी एक पडदा असतो, त्यामुळे भ-३ चा तिथे शून्य.

१३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. स्लँटवरून स्लँटवर सारखं बदलत राहिलं तर पेनिसिलियमचं उत्पादन घसरत जातं, असं वाचून सुट्टीआधीच भ-३ चे बीजाणू निर्जंतुक कोरड्या मातीत घालून ठेवले होते. त्यातून पुन्हा काढली. झोन १८, तोच.

१९ नोव्हेंबर

मोजमाप. झोन किती मिलिमीटर हे सांगून भागत नाही, त्यात किती औषध आहे ते सांगावं लागतं. मॅडमच्या पत्रावर औषध दुकानातून बेंझिलपेनिसिलिनचं १० लाख युनिटचं वायल आणलं. एक युनिट म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅम, तेव्हा वायलमध्ये ६०० मिलिग्रॅम. त्याची मिलिलिटरला १, २, ४, ८, १६, ३२ युनिट अशी द्रावणं करून झोन मोजले आणि आलेखावर रेघ काढली. झोनचा व्यास औषधाच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो: प्रमाण दुप्पट केलं की झोन जेमतेम दोन-सव्वादोन मिमीने सरकतो. त्यामुळे झोन 'थोडाच मोठा' दिसला तरी औषध कैक पटींनी जास्त असू शकतं.

भ-३ चा १८ मिमीचा झोन रेघेवर धरला तर मिलिलिटरला साधारण ४ युनिट (बुरशीने केलेलं द्रव्य पेनिसिलिनच आहे असं गृहीत धरून). पार्टनरने कॅल्क्युलेटर काढला. समोरचं बोटभर वायल भरायला आमचा रस्सा २५० लिटर लागेल. गाळताना, काढताना जे वाया जाईल ते धरलेलंच नाही.

आकडा ऐकून हसू आलं. मग आठवलं की फ्लेमिंग यांची मूळ बुरशीही मिलिलिटरला एक-दोन युनिटच देत होती. १९४३ मध्ये पिओरियाच्या बाजारातल्या खराब खरबुजावर चांगली जात मिळाली, तिच्यावर क्ष-किरण आणि अतिनील किरण टाकून, हजारो वसाहती चाळून आणखी वरच्या काढल्या. आजच्या कारखान्यांतल्या बुरशी लिटरला ५० ग्रॅमच्या घरात देतात. त्या हिशोबाने हे वायल १२ मिलिलिटर रश्श्यात भरतं.

ऑक्सफर्डला पहिल्या रुग्णाचं काय झालं ते या आकड्यांनंतरच नीट कळतं. अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस, १२ फेब्रुवारी १९४१ रोजी पहिलं इंजेक्शन. ताप उतरला, जेवायला लागला. औषध संपत आलं म्हणून त्याच्या लघवीतून गाळून परत काढलं आणि पुन्हा टोचलं. तरी पुरलं नाही. १५ मार्चला तो गेला. औषध लागू पडत होतं, रस्सा कमी पडला.

३ डिसेंबर

काढणीचा दिवस. मॅडमनी रेघ मारली होती ती याच कामासाठी.

तत्त्व सोपं आहे. पेनिसिलिन हे आम्ल. पाणी आंबट केलं, पीएच २ च्या आसपास, की ते सेंद्रिय द्रावकात उतरतं. उदासीन पाणी दिलं की पुन्हा पाण्यात येतं. अडचण अशी की त्याच आंबट पीएचला ते मोडायला लागतं आणि खोलीच्या तापमानाला ते मिनिटांच्या हिशोबात संपतं. म्हणून सगळं बर्फात आणि धावपळीत.

बर्फ मासळीवाल्यांकडून. २०० मिलिलिटर गाळलेला रस, तासभर बर्फात. ब्यूटाइल ॲसिटेटही बर्फात. फॉस्फोरिक आम्ल थेंब-थेंब, पीएच २.२ दिसताच सेपरेटिंग फनेलमध्ये ओतलं, बूच लावलं, हलवलं, तोटी उघडून वाफ सोडली, पुन्हा हलवलं. लॅबभर पिकल्या केळ्यांचा वास. आणि दोन थर वेगळे व्हायच्या ऐवजी मधे पांढरा फेसाळ तिसराच थर तयार झाला. बुरशीची प्रथिनं, साबणासारखं काम करतात. वाट बघायला वेळ नव्हता, मधला थर थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला तेव्हा फाटला. वरचा द्रावक घेतला, त्यात २० मिलिलिटर थंड फॉस्फेट बफर, पीएच ७. हलवलं. खालचा फिकट पिवळा थर बाटलीत.

दोन्हीकडे हात चालवताना ऑक्सफर्डच्या पेनिसिलिन गटातले नॉर्मन हीटली आठवत होते. आंबट द्रावकातून औषध परत उदासीन पाण्यात ओढायची युक्ती त्यांची. झोनवरून औषध मोजायची पद्धत त्यांची. उथळ भांडी त्यांनी आखली, नळ्या आणि टाकाऊ सामान जोडून काढणीचं यंत्रही उभं केलं. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग आणि त्याच ऑक्सफर्ड गटातले फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. हीटली यांना ऑक्सफर्डने १९९० मध्ये वैद्यकाची मानद पदवी दिली. माझ्या हिशोबाने उशीरच झाला.

४ डिसेंबर

अर्काचा झोन २३ मिमी. रेघेवर मिलिलिटरला १८ युनिटच्या आसपास. हातात यायला हवं होतं ८०० युनिट, आलं ३६०. निम्म्याहून कमी. मॅडम म्हणाल्या, पहिल्या हाताला वाईट नाही. अर्काचे छोटे भाग करून डीप फ्रीझरमध्ये.

१७ डिसेंबर

आता प्रश्न, हे पेनिसिलिनच कशावरून? ओळख पटवायला त्याच्या शत्रूला बोलावलं. बॅसिलस सीरियस हा बॅक्टेरिया पेनिसिलिनेज करतो, बीटा-लॅक्टमची चौकोनी कडी उघडणारं एन्झाइम. त्याला माध्यमात किंचित पेनिसिलिन दाखवलं की तो ते जोरात बनवायला लागतो. असलं एन्झाइम अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच नोंदवलं होतं, माणसाला पहिलं इंजेक्शन देण्याच्या आधी. प्रतिकाराची गोष्ट औषधाच्या मागून आली असं आपण समजतो, पण ती आधीच दारात उभी होती.

सीरियसचा गाळलेला रस अर्कात मिसळून अर्धा तास ठेवला. सोबत तीन पडताळे: वायलमधलं पेनिसिलिन आणि सीरियसचा रस, स्ट्रेप्टोमायसिन आणि सीरियसचा रस, नुसता सीरियसचा रस.

१८ डिसेंबर

नुसता अर्क : २३
अर्क आणि एन्झाइम : शून्य
वायलचं पेनिसिलिन आणि एन्झाइम : शून्य
स्ट्रेप्टोमायसिन आणि एन्झाइम : झोन जसाच्या तसा
नुसता सीरियसचा रस : शून्य

स्ट्रेप्टोमायसिनचा पडताळा ठेवला नसता तर 'एन्झाइमच्या रसात काहीतरी असेल, त्यात कुठलंही औषध निकामी होत असेल' असं कुणीही म्हटलं असतं. पार्टनरने या वेळी फोटो काढला, टाकला नाही.

९ जानेवारी

एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून आलेखावर शिखरांच्या रूपात दाखवणारं यंत्र) आठवडाभराने वेळ मिळाली. वायलचं बेंझिलपेनिसिलिन ज्या मिनिटाला निघतं त्याच ठिकाणी अर्कात एक शिखर आहे. पण त्याच्या मागे दुसरं, त्याहून उंच शिखर आहे. बाजूची साखळी वेगळी असलेलं पेनिसिलिन असू शकतं, कारण फिनाइल ॲसिटिक आम्ल आम्ही घातलं नव्हतं. दुसरंच काहीतरी असू शकतं. अहवालात वाक्य असं ठरलं: 'बीटा-लॅक्टम वर्गातील प्रतिजैविक, बेंझिलपेनिसिलिनशी जुळणाऱ्या एका घटकासह.' पार्टनरला शीर्षकात 'पेनिसिलिन' हवं होतं. मॅडमनी खोडलं.

१६ जानेवारी

भ-३ च्या मातीतल्या नळ्या फ्रिजच्या वरच्या खणात, निळं झाकण, लेबलवर तारीख आहे. पुढच्या बॅचने दुसऱ्या शिखराच्या वेळचा द्रावक वेगळा गोळा करून त्याचा झोन घ्यावा आणि एका फ्लास्कमध्ये फिनाइल ॲसिटिक आम्ल घालून शिखरं सरकतात का ते बघावं. त्या आम्लाचा अर्ज लवकर करा, मंजुरीला वेळ लागतो. ब्यूटाइल ॲसिटेट तळाला गेलंय, इंडेंट (खरेदीची मागणी) दिलाय. आत्यांच्या भिंतीला रंग लागला, नवा नमुना हवा असेल तर दुसरं घर शोधावं लागेल.